स्वयंसेवक येतात, पण टिकत का नाहीत?

संस्थेसाठी माणसं कशी जमवावीत आणि आलेली कशी सांभाळावीत, याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या आठ पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. बऱ्याच पत्रांचा सूर ‘हल्ली लोकांना वेळच नाही’ असा आहे. आम्हाला तसं वाटत नाही. लोक वेळ काढतात. मात्र तो वेळ कुठे आणि कशासाठी जाणार हे त्यांना आधी कळायला हवं असतं, आणि नेमकी तीच तयारी संस्थांनी केलेली नसते.

प्रश्न : आमची संस्था शाळकरी मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते. ‘स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा’ असा मजकूर आम्ही सहा व्हॉट्सॲप गटांवर टाकला. शेकडो लोकांनी वाचला, हात जोडल्याची चिन्हं आली, प्रत्यक्षात दोघंच आली. लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही का? – सचिव, शैक्षणिक संस्था

पडलेलं असतं. तुमच्या मजकुरातून नेमकं काय करायचं हे त्यांना कळलं नाही, एवढंच. ‘स्वयंसेवक हवेत’ हे वाचल्यावर मनात लगेच प्रश्न येतात : काम काय, किती वेळ, कधीपर्यंत, मला जमेल का? उत्तरं मिळाली नाहीत की माणूस सावध होतो. एकदा हो म्हटलं की कायमचं गळ्यात पडेल, अशी भीती त्याला वाटते आणि ती अगदीच खोटी नसते.

दुसरं कारण म्हणजे बारभाईची शेती. सगळ्यांना उद्देशून केलेली विनंती कोणालाच केलेली नसते. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. इंटरकॉमवर बोलणाऱ्या एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू येई. ‘हे ऐकणारा मी एकटाच आहे’ असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. तो आणीबाणीचा प्रसंग होता, तुमचा नाही. पण ‘दुसरं कोणीतरी जाईल’ ही भावना गटावरच्या मजकुराबाबतही तशीच काम करते.

म्हणून आवाहन लिहिण्याआधी कामाचं टाचण तयार करा. पाठ घेण्याआधी शिक्षक काढतात तसं, एका पानाचं. त्यात कामाचं नाव, दिवस आणि वेळ, किती आठवडे, प्रत्यक्ष करायच्या तीन-चार गोष्टी, सोबत कोण असेल, काय शिकवलं जाईल आणि कशाची अपेक्षा नाही हे लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. ‘देणग्या गोळा करायच्या नाहीत’ एवढं एक वाक्य वाचूनही अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

माणसं किती लागतील याचा हिशेबही इथेच करा. समजा, मुलं ६० आहेत आणि सहा मुलांमागे एक माणूस हवा. म्हणजे एका संध्याकाळी १० जण. आजारपण, परीक्षा, पाहुणे धरून पाचवा हिस्सा जास्त ठेवा, म्हणजे १२. आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग असेल आणि प्रत्येक जण एकच संध्याकाळ देणार असेल तर ३६ माणसं लागतील. दोन देणार असेल तर १८. हा आकडा हाती नसलेल्या संस्था ‘मिळतील तेवढे’ गोळा करतात. मग एका दिवशी गर्दी होते आणि दुसऱ्या दिवशी वर्ग ओस पडतो.

आता तुमचा मजकूर असा होईल :

‘मंगळवारी संध्याकाळी साडेपाच ते सात. पाचवीच्या सहा मुलांकडून वाचन आणि गणिताचा सराव करून घ्यायचा. दहा आठवडे. शिकवण्याचा अनुभव लागत नाही. गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवता आली आणि भागाकार येत असला की पुरे. पहिले दोन मंगळवार जुना स्वयंसेवक सोबत बसेल. ठरवण्याआधी एकदा येऊन नुसता वर्ग बघून जा. सहा जागा आहेत, २० तारखेपर्यंत कळवा.’ खाली एकाच माणसाचं नाव आणि नंबर.

‘दहा आठवडे’ हे शब्द काढू नका. शेवट दिसत असला की माणूस सुरुवात करायला धजावतो. दहा आठवडे मनापासून केलेल्यांतले बरेच जण पुढच्या दहांनाही तयार होतात.

हा मजकूर गटावर टाका, पण त्याच्यावरच विसंबू नका. आत्ता काम करणाऱ्या प्रत्येकाला ओळखीतली पाच नावं लिहायला सांगा आणि त्या पाच जणांशी एकेकट्याशी बोलायला सांगा. ‘तू लहान भावंडांना समजावतेस ते मी पाहिलंय, म्हणून तुला विचारते. नाही जमलं तर मोकळेपणानं सांग.’ आपल्याला का विचारलं हे कळलं की माणूस वेगळ्या नजरेनं विचार करतो, आणि नाही म्हणायची मोकळीक असेल तर होकार टिकाऊ असतो.

लोक स्वयंसेवक का होतात यावर ई. गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत त्यांनी सहा कारणं मानली : आपल्या मूल्यांनुसार काही करावं, नवं शिकावं, जवळची माणसं करतात म्हणून आपणही करावं, नोकरी-व्यवसायाला उपयोग व्हावा, स्वतःबद्दल बरं वाटावं, आणि मनातला अपराधभाव किंवा एकटेपणा कमी व्हावा. यातलं कोणतंही कारण हलकं नाही. पहिल्या भेटीत ‘यातून तुम्हाला काय मिळावं असं वाटतं?’ असं सरळ विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. शिकायला आलेल्या मुलीला तीन महिने खुर्च्या मांडायला लावल्या तर ती जाणारच, आणि माणसांत मिसळायला आलेल्या निवृत्त गृहस्थांना एका खोलीत नोंदी करत बसवलं तर तेही जातील.

शेवटचं, पण फार महत्त्वाचं : फोन किंवा निरोप आला की दोन दिवसांत उत्तर द्या. जागा भरल्या असतील तर तेही सांगा. आठवडाभर उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा विचारत नाही, आणि ‘त्यांना गरज नाही’ असं दहा जणांना सांगतो.

प्रश्न : एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दर आठवड्याला भेटणारा आमचा गट आहे. सुरुवातीला वीस जण आले, दोन महिन्यांत सहा उरले. नव्याचे नऊ दिवस म्हणायचे का? – गटप्रमुख

म्हणू नका, तसं म्हटलं की शोध थांबतो. आधी कोण कधी गळलं ते वहीतून काढा. बहुतेक गळती तीन ठिकाणी होते : नाव दिल्यापासून पहिल्या दिवसापर्यंत, पहिल्या-दुसऱ्या खेपेनंतर आणि साधारण तिसऱ्या महिन्यात. पहिल्या गळतीचं कारण लांबलेली प्रतीक्षा, दुसरीचं वाईट गेलेला पहिला दिवस, तिसरीचं एकटं पडणं किंवा कामाचा बोजा. उपाय तिन्हींचे वेगळे आहेत.

पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. नवी मुलगी चार वाजता येते. ती येणार हे दारातल्या माणसाला माहीत नाही. ‘बसा, मॅडम येतीलच.’ पंधरा मिनिटं ती फोनकडे बघत बसते. मॅडम घाईत येतात, ‘आज जरा गडबड आहे, तुम्ही नुसतं बघा’ म्हणतात. साडेपाचला ती निघते तेव्हा कोणाला कळतही नाही. तिला काम अवघड गेलं नाही. आपण असलो-नसलो सारखंच, एवढं तिला कळलं.

हे टाळायला पैसा लागत नाही. कोण नवं येणार आहे ते आदल्या दिवशी सगळ्यांना सांगा. एका जुन्या माणसावर तिची जबाबदारी द्या. तो दारात हवा. पिशवी कुठे ठेवायची, स्वच्छतागृह कुठे, अडचण आली तर कोणाला हाक मारायची, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. मग त्याच दिवशी पूर्ण होणारं एक छोटं काम द्या. तुमच्याकडे जुन्या स्वयंसेवकासोबत एकाच आजींकडे जाणं आणि परतल्यावर भेटीची चार ओळींची नोंद तिच्याच हातानं लिहिणं, हे पुरेसं आहे. निघताना दहा मिनिटं ‘कसं वाटलं, काय खटकलं?’ विचारा. पुढची तारीख तिथेच ठरवा.

चौथ्या आठवड्यात प्रत्येकाशी वीस मिनिटं बोला. कोणत्या कामात मन लागतं, कुठे अडतं, आम्ही काय बदलायला हवं, एवढंच विचारायचं. जे बदलता येईल ते पंधरा दिवसांत बदला आणि बदललं हे सांगा. नुसतं ऐकून घेतलं तर न विचारलेलं बरं.

तिसऱ्या महिन्यातल्या गळतीत एक गोष्ट हमखास दिसते : जो करतो त्याच्यावरच आणखी पडतं. भेटी देणाऱ्यालाच याद्या करायला, मग सभेची टिपणं काढायला सांगतात. आधीच तो घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो आहे. परात आणखी भरू नका. एकाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त जबाबदाऱ्या नकोत, आणि दुसरी देताना ‘पहिली सोडायची आहे का?’ असं विचारायचंच. साधारण १२ ते १५ स्वयंसेवकांमागे त्यांची विचारपूस करणारा एक माणूस ठेवा. गैरहजर माणसाला त्याच संध्याकाळी फोन गेला पाहिजे. जाब विचारायला नको, ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारायला.

ठरलेली मुदत संपली की तीन वाटा समोर ठेवा : चालू ठेवायचं, काम बदलायचं, थांबायचं. थांबणाऱ्याला मान देऊन निरोप द्या. नीट निरोप घेतलेला माणूस परत येतो; तोंड चुकवून गेलेला येत नाही. आणि एक लक्षात ठेवा, दर आठवड्याला दार उघडून वाट बघणाऱ्या आजोबांना ‘ते आता येणार नाहीत, त्यांच्याऐवजी हे येतील’ असं प्रत्यक्ष भेटून सांगायला हवं. ही शेवटची भेट जुन्या आणि नव्या माणसानं मिळून द्यावी.

प्रश्न : स्वयंसेवकांना प्रवासखर्च द्यावा का? सेवा ती सेवा, असं आमच्या अध्यक्षांचं मत आहे.

द्यावा. वेळ फुकट देणं वेगळं आणि पदरमोड करणं वेगळं. खर्च दिला नाही तर ज्यांना परवडतं तेच येतात आणि बाकीचे कारण न सांगता गळतात. प्रत्यक्ष झालेला खर्च, तिकीट किंवा पावती पाहून, ठरलेल्या मर्यादेत आणि महिन्याच्या आत द्या. दर महिन्याला ठोक रक्कम देऊ नका. ती पगारासारखी दिसू लागते आणि काही ठिकाणी कायद्यानंही तशीच धरली जाते. ज्याला नको असेल त्यानं घेऊन देणगी द्यावी. म्हणजे मागणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि संस्थेला खरा खर्चही कळतो.

प्रश्न : आम्ही मुलांसोबत काम करतो. नव्या स्वयंसेवकाची चौकशी केली तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं विचारतात. माणूस फुकट काम करायला आलेला, त्याला कसं तपासायचं? – संचालिका

तपासायचंच, आणि सर्वांना सारखं. अध्यक्षांच्या भाच्यालाही. नियम सगळ्यांना लागू असला की कोणाचा अपमान होत नाही. अर्जावरच छापा : ओळखपत्र, नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींचे संदर्भ, वीस-पंचवीस मिनिटांची मुलाखत, आणि तुमच्याकडचा कायदा सांगत असेल ती पोलीस पडताळणी. संदर्भ नुसते लिहून घेऊन फायलीत लावू नका, फोन करा. ‘या व्यक्तीला मुलांसोबत एकटं सोडायला तुम्हाला काही हरकत वाटेल का?’ असं थेट विचारा. उत्तराआधी समोरचा अडखळला तर पुढे बोलत राहा.

मात्र तपासणीवर सारी भिस्त ठेवू नका. आधी कधी पकडला न गेलेला माणूस कागदोपत्री स्वच्छच असतो. खरी राखण रोजच्या नियमांनी होते. एका मुलासोबत एकटा मोठा माणूस बंद खोलीत कधीच नाही. मुलाशी खाजगी फोन किंवा निरोप नाहीत. घरी नेणं नाही, गाडीवरून सोडणं नाही. संस्थेच्या परवानगीशिवाय फोटो नाहीत. मुलांनी तक्रार कोणाकडे करायची, त्याचं नाव भिंतीवर त्यांच्या उंचीला लावलेलं हवं. पहिला महिना नव्या माणसानं जुन्याच्या नजरेसमोरच काम करावं.

हे ऐकून कोणी रागावून निघून गेलं तर जाऊ द्या. चांगल्या माणसाला हे नियम त्याच्याही रक्षणाचे आहेत, हे समजावून सांगितलं की पटतं.

प्रश्न : मी संस्थेत पगारी कर्मचारी आहे. शनिवारी स्वयंसेवक येतात, फोटो आणि कौतुक त्यांचं होतं, सोमवारी पसारा आम्ही आवरतो. हे बोलून दाखवलं तर आम्ही कुरकुरे ठरतो.

तुमची तक्रार रास्त आहे आणि ती व्यवस्थापनापुढे मांडलीच पाहिजे. स्वयंसेवक फुकट मिळतात हा गैरसमज त्यांनी आधी सोडावा. दहा जणांसाठी माणशी आठवड्याला पंधरा मिनिटं धरली तरी अडीच तास होतात. शिवाय पाळ्यांचं वेळापत्रक, सामानाची तयारी, फोन. हा वेळ कोणाच्या तरी कामाच्या तासांत लिहिलेला हवा, तो ‘जाता जाता’ होत नाही.

आमची सूचना अशी : संस्थेतली सगळी कामं तीन रकान्यांत लिहा. फक्त कर्मचाऱ्यांची, फक्त स्वयंसेवकांची आणि दोघांनी मिळून करायची. औषधं देणं, पगारपत्रक, लाभार्थींची गोपनीय माहिती पहिल्या रकान्यात. जे काम एखाद्या दिवशी झालं नाही तर कोणाचं नुकसान होईल, ते केवळ स्वयंसेवकांवर सोडू नये. रिकामी झालेली पगारी जागा स्वयंसेवकांनी भरायची नाही, हे ठरावात लिहून घ्या. मनातली निम्मी अढी तिथेच जाते. आणि स्वयंसेवकांच्या कामाचं टाचण कर्मचाऱ्यांनीच लिहावं. त्यात शेवटची ओळ असावी : ‘सामान मोजून कपाटात ठेवणं आणि खोली झाडणं हा कामाचाच भाग आहे, त्यासाठी शेवटची वीस मिनिटं.’

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे हिशेब पंधरा वर्षं एकच ज्येष्ठ स्वयंसेवक पाहतात. सगळे त्यांना काका म्हणतो. आता चुका होतात, पण ते वही कोणाच्या हाती देत नाहीत. त्यांना दुखवायचं नाही. – कार्यवाह

हिशेब एकाच्याच हाती राहणं हा काकांचा दोष नाही, कार्यकारिणीचा आहे. तिथूनच सुरुवात करा. प्रत्येक जबाबदारीला दोन वर्षांची मुदत आणि प्रत्येक कामाला एक जोडीदार, असा नियम सगळ्यांसाठी करा. मग बदल काकांवर रोखलेला राहत नाही.

त्यानंतर त्यांच्याशी एकट्यानं, सवडीनं, त्यांना सोयीच्या जागी बोला. सभेत विषय काढू नका. चूक मोघम सांगू नका : ‘मार्चमधल्या दोन पावत्या दोनदा चढल्या आहेत, आपण एकदा मिळून बघू.’ तीन महिन्यांची सोपवणी ठरवा. पहिल्या महिन्यात ते लिहितील, जोडीदार शेजारी बसेल. दुसऱ्यात जोडीदार लिहील, ते तपासतील. तिसऱ्यात जोडीदार एकटा लिहील आणि काका महिनाअखेर एकदाच पाहतील. रोख रक्कम मात्र आजपासूनच दोघांनी मोजून दोघांच्या सह्या करायच्या.

‘मार्गदर्शक’ असं पोकळ पद देऊ नका, ते लगेच ओळखतील. पंधरा वर्षांत वर्गणी कोणत्या महिन्यांत थकते, कोणाला आठवण करून द्यावी लागते, कोणता पुरवठादार उधारीवर थांबतो, हे फक्त त्यांना माहीत आहे. ते सांगतील तसं एखाद्या तरुणानं लिहून घ्यावं. हे खरं काम आहे आणि वाचनालयाला त्याची गरज आहे.

कामच करत नसलेल्या तरुण स्वयंसेवकाची गोष्ट वेगळी. आधी काम नीट सांगितलं होतं का ते तपासा, मग घडलेलं नेमकं सांगा, चार आठवड्यांची मुदत द्या, आणि तरीही जमलं नाही तर थांबायला सांगा. पैशांची अफरातफर, मुलांशी किंवा स्त्रियांशी गैरवर्तन आणि गोपनीय माहिती फोडणं, यांत मुदत नाही. त्याच दिवशी काम थांबवायचं आणि किल्ल्या, ओळखपत्र, पासवर्ड परत घ्यायचे. गुन्हा असेल तर प्रकरण संस्थेत मिटवत बसू नका, पोलिसांकडे न्या.

प्रश्न : मानसिक त्रासातल्या लोकांसाठी आम्ही फोनसेवा सुरू करतोय. साध्या स्वयंसेवकांना हे झेपेल का?

शिकवलं आणि सांभाळलं तर झेपतं. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वराह या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारातल्या लोकांसाठी फोन सुरू केला, तो पुढे ‘समॅरिटन्स’ झाला. भेटीसाठी थांबलेल्यांसोबत बसायला त्यांच्याकडे काही स्वयंसेवक येत. कित्येक जण त्या स्वयंसेवकांशी बोलूनच हलके होतात आणि आपली भेट न घेताच परततात, हे वराहांच्या लक्षात आलं. १९५४ मध्ये त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्याच हाती दिलं.

पण ऐकणाऱ्यालाही कोणीतरी ऐकावं लागतं. पाळी चार तासांपेक्षा मोठी नको, आणि एका पाळीला दोघं हवीत. शेवटच्या फोननंतर वीस मिनिटं बोलून मगच घरी जायचं. जड फोन आला असेल तर दुसऱ्या दिवशी प्रमुखानं विचारपूस करायची. स्वतःचा नंबर कधीही द्यायचा नाही. महिन्यातून एकदा प्रशिक्षित समुपदेशकासोबत सर्वांची बैठक, तिला हजेरी सक्तीची. जिवाला धोका दिसला तर कोणाला कळवायचं हे फोनशेजारी लिहून चिकटवलेलं हवं, कारण त्या क्षणी आठवत नाही. जो माणूस फोन उचलायला टाळू लागतो, किंवा उलट रोजच येऊ लागतो, त्याला महिनाभर विश्रांती द्या. अलीकडेच स्वतःच्या घरात असा आघात झालेल्यांना लगेच फोनवर बसवू नका, त्यांची इच्छा कितीही असली तरी.

प्रश्न : ५ डिसेंबरला स्वयंसेवकांचा सत्कार करतो. अजून काय करावं? – एक छोटी संस्था

५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो १९८५ मध्ये ठरवला. सत्कार जरूर करा, पण वर्षातल्या एका दिवसानं भागत नाही. काम झाल्यापासून आठवड्याच्या आत, नाव घेऊन आणि काय साधलं ते सांगून आभार माना : ‘तुम्ही लावलेल्या याद्यांमुळे या वेळी एकही पुस्तक शोधावं लागलं नाही.’ प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट सेवा’ असं छापण्याऐवजी प्रत्यक्ष काम, कालावधी आणि तास लिहा. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याला तेच दाखवता येतं. त्यासाठी हजेरीची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी लागेल.